वरच्या तळ्याची राखण

चेकरला निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण नाव काही निवृत्त झालं नाही. बसमध्ये तिकिटं तपासण्यात त्याची उभी हयात गेली आणि अभिमान एकाच गोष्टीचा होता, की त्यानं कधी सगळ्यांची तिकिटं तपासली नाहीत. मधल्या दांड्याला धरून तो एक नजर फिरवायचा आणि नेमक्या माणसासमोर जाऊन हात पुढे करायचा. "तिकीट नसलेला माणूस खाली बघतो," असं तो म्हणायचा, आणि बहुतेक वेळा ते खरंही निघायचं. ज्या वेळी निघायचं नाही, त्या वेळी तो माणूस बावळट आहे म्हणून खाली बघतो असं तो ठरवून टाकायचा. त्यामुळे त्याचा अंदाज आयुष्यात एकदाही चुकला नव्हता.

असा माणूस दिवसभर घरात असणं म्हणजे घरच्यांच्या डोक्याला ताप. दूधवाल्याचं माप, जिन्यातला जळता दिवा, शेजारणीच्या दोरीवर वाळणारे कुणाचे तरी कपडे, सगळ्याची तपासणी. बायकोनं वर्षभर सोसलं. तळं बचाव मंडळ निघालं तेव्हा तिनंच त्याला त्यात ढकललं. म्हणाली, "जा, तिथं तरी चार माणसं ऐकतील तुमचं."

खालच्या तळ्याची दशा तेव्हा बघवत नव्हती. घर बदलताना कुणीतरी शोभेच्या माशांची काचेची पेटी त्यात रिकामी केली होती. मासे लगेच मेले, पण त्यांच्याबरोबरची तरंगती वनस्पती जगली. नखाएवढी पानं, पानांवर मऊ लव. आली होती कुठल्या तरी दूरच्या देशातून, आणि इथं तिला खाणारं कुणी नव्हतं, ना किडा ना मासा. तिचा चुरा पडला तरी प्रत्येक कणाचं नवं रोप व्हायचं. लोकांना आधी ती आवडली. कुणीतरी तिला मखमल म्हणालं आणि तेच नाव पडलं. दोन पावसाळ्यांत मखमलीनं हा काठ तो काठ एक केला. खाली उजेड जाईना, पाणी सडलं, मासे तोंड वर काढून मेले, पाणकोंबड्या निघून गेल्या. काठावरच्या बाकांवर वासानं बसवेना, तेव्हा कुठे लोकांना निसर्गाची काळजी वाटू लागली.

पण काम चांगलं झालं, खोटं कशाला बोला. औषधाच्या दुकानाचा मालक मंडळाचा अध्यक्ष होता. दर रविवारी सकाळी शिंपी, बँकेतले कारकून, शाळेतल्या बाई, सगळे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट चढवून पाण्यात उतरायचे, दाताळ्यांनी मखमल ओढून काठापासून लांब वाळायला टाकायचे. घटकाभरात सगळे चिखलानं सारखेच काळे व्हायचे, आणि कोण साहेब नि कोण शिपाई ते कळायचं नाही. यातली निम्मी गंमत तीच होती. चेकरही राबायचा. राबता राबता कोण कामचुकारपणा करतंय ते बघायचा, आणि नावानिशी सांगायचाही.

खालचं तळं कधी सुधारलंच, तर त्यात सोडायला बी-बियाणं कुठून आणायचं? ते होतं वरच्या तळ्यात. पाणीपुरवठ्याच्या टाकीमागचं ते लहानसं तळं अजून निकोप होतं. लव्हाळी, पांढरी पाणफुलं, बेडूक, आणि खालून केव्हाच नाहीशी झालेली करंगळीएवढी चंदेरी मासळी. मंडळानं ठराव केला की वरच्या तळ्यावर डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवायचा. पहाऱ्याचं काम अर्थातच चेकरकडे आलं.

वरच्या तळ्यात मासे धरायचा परवाना एकाच माणसाकडे होता, आणि तो होता चेकरच्या बायकोचा थोरला भाऊ. चपट्या बुडाची एक होडी, स्वतः विणलेलं जाळं आणि तळ्याकाठची एक खोली, एवढा त्याचा संसार. बायको जाऊन बराच काळ लोटला होता, मूलबाळ नव्हतं. सगळे त्याला थोरलाच म्हणायचे. आईवडील गेल्यापासून चेकरच्या बायकोला माहेर म्हणून उरलं होतं ते हेच. "दादा आहे तोवर माझं माहेर आहे," असं ती सगळ्यांना सांगायची. आठवड्यातून एकदा डबा घेऊन जायची, पायरीवर बसायची, आणि नवऱ्याला सांगता येत नाही ते सगळं भावाला सांगून यायची. ती येताना मोकळी होऊन येते, हे चेकरला दिसायचं. ते त्याला कधी आवडलं नाही.

त्यामुळे पहारा मन लावून झाला. दर रविवारी खालचं काम आटोपलं की चेकर तसाच ओल्या बुटांनी वर जायचा, दगडी पायरीवरून गुडघाभर पाण्यात उतरायचा, होडीचा तळ चाचपायचा, जाळ्याचा एकेक पदर उलटून बघायचा. मेहुणा पायरीवर उभा असायचा. एकदा त्यानं पाण्याची बादली आणि ब्रश पुढे केला.

"पाहुणे, बूट तेवढे धुऊन उतरा."

"तळ्यात उतरायला पाय धुवायचे?" चेकर हसला. "देऊळ आहे का हे? आणि तपासायला मी आलोय, तुम्ही नाही."

थोरल्यानं बादली उचलून बाजूला ठेवली. तो मुळात कमी बोलणारा, आणि बहिणीच्या नवऱ्याशी त्याहून कमी.

पुढच्या पावसाळ्यानंतर थोरला तापानं अंथरुणाला खिळला. त्या रविवारी चेकर वर गेला तर पायरीशी, दगडाच्या कडेला, मखमलीचे तीन-चार झुबके तरंगत होते. चेकरच्या अंगात वीज शिरली. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली तो बिनतिकिटाचा माणूस सापडला होता. त्यानं मेहुण्याला हाका मारून खोलीबाहेर बोलावलं. थोरला घोंगडी पांघरून भिंतीला धरत आला.

"खालच्या तळ्यात जाळं टाकलं होतंत?"

"नाही."

"मग ही मखमल उडत आली का? इथं होडी कुणाची, जाळं कुणाचं?"

थोरल्यानं झुबक्यांकडे बघितलं, मग चेकरकडे, आणि मग मान खाली घातली. बराच वेळ तो खालीच बघत राहिला. चेकरला आणखी काही विचारायची गरज वाटली नाही.

घरी बायको म्हणाली, "दादा खोटं बोलायचा नाही. त्याला एकदा नीट विचारा."

"विचारलं. खाली बघितलं त्यानं."

"ताप आहे त्याला."

"तापानं माणूस वर बघतो," चेकर म्हणाला. हे त्याला कुणी सांगितलं होतं देव जाणे, पण त्यानं इतक्या ठामपणे सांगितलं की ती गप्प झाली. संसारात ती बहुतेक वेळा अशीच गप्प झालेली होती.

मंडळाची बैठक वाचनालयाच्या दालनात भरली. चेकर उभा राहिला आणि बोलला. हा आपला आणि तो परका असा भेद मी आयुष्यात केला नाही, बसमध्ये सख्ख्या काकालाही दंड लावला होता, आज सख्ख्या मेहुण्याचं नाव घेतो आहे. लोक सद्गदित झाले. एवढा निःपक्षपाती माणूस आपल्यात आहे याचं सगळ्यांना भरून आलं, आणि त्या भरात थोरल्याला बोलावून विचारावं हे कुणालाच सुचलं नाही. औषधवाला म्हणाला, "परवाना रद्द करावा असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावा."

हात वर झाले. मग, कुणी सांगितलं नसताना, सगळ्यांच्या माना मागे वळल्या. मागे चेकरची बायको चहाची किटली घेऊन उभी होती. ती मंडळाची सभासद नव्हती, तिचा हात कुणी मोजणार नव्हतं. पण दालनभर लोक वाट बघत होते आणि नवरा सगळ्यांत पुढे उभा राहून वाट बघत होता. तिनं किटली खाली ठेवली आणि हात वर केला. टाळ्या वाजल्या.

पुढच्या रविवारी मंडळ खालचं काम अर्धं टाकून सगळंच्या सगळं वर गेलं. चाळीसेक माणसं बुटांनिशी पाण्यात उतरली, होडी ओढून काढली, दिसले तेवढे झुबके वेचले. जाळं मात्र जाळायचं ठरलं, पुन्हा धोका नको म्हणून. नायलॉनचं जाळं जळत नाही, वितळतं. काळा चिकट गोळा झाला आणि असा धूर सुटला की फोटो काढणारे खोकायला लागले. ते जाळं विणायला थोरल्याला एक अख्खा हिवाळा लागला होता. तो खोलीच्या दारात उभा राहून बघत होता. त्याच्याशी कुणी वाईट बोललं नाही. शिंप्यानं तर जाताना त्याच्या खांद्यावर हातही ठेवला.

आता याचं पोट कसं भरायचं? तीही सोय चेकरनं केली. जुनी ओळख काढून त्याला बस-आगारात गाड्या धुण्याच्या कामाला लावलं, आणि हे उपकार भेटेल त्याला सांगितले. साठी उलटलेला माणूस दिवसभर पाण्याचा पाइप घेऊन चाकांखालचा चिखल काढू लागला, आगारामागच्या पत्र्याच्या खोलीत राहू लागला. बहीण डबा घेऊन गेली नाही. "चुकलं एवढं जरी म्हणाला तरी मी जाईन," ती म्हणायची. "मला फक्त तेवढंच ऐकायचंय." थोरला काही म्हणाला नाही, आणि ती गेली नाही.

तळ्याचं काय झालं? चोर गेला म्हणजे चोरी थांबायला हवी होती. पण मखमल वाढतच गेली. आधी पायरीभोवती, मग लव्हाळीत, मग बघता बघता सगळं वरचं तळं हिरवं. पांढरी फुलं तिच्याखाली कुजली. चंदेरी मासळी एका सकाळी काठाला येऊन लागली, सगळीच्या सगळी, आणि बगळ्यांनाही ती खाऊन संपेना. मंडळ हताश झालं. औषधवाला म्हणाला, आपल्याला कळायला फार उशीर झाला, त्या माणसानं किती वर्षं हे केलं असेल कोण जाणे.

चेकर तरीही रविवारी वर जात राहिला. सवय म्हणा. एके दिवशी पाण्यात उतरण्याआधी पायरीलगत मखमल बाजूला सारून त्यानं हातभर पाणी मोकळं केलं आणि खालच्या तळ्याचा चिखल निघावा म्हणून एक बूट काढून त्यात बुचकळला. बुटाच्या वरच्या दुमडीतून हिरवा चुरा सुटला. मग तळाच्या खाचांतून आणखी थोडा. कण पाण्यावर आले, पसरले आणि तरंगू लागले. चेकरनं दुसरा पाय बुटासकट बुचकळला. त्यातूनही निघाला.

तो तिथं एका पायात बूट आणि एक पाय उघडा असा बसून राहिला. अंदाज चुकला नव्हता असं म्हणायला एकही पळवाट त्याला त्या दिवशी सापडली नाही, आणि त्यानं शोधली नाही असं नाही. कुंपणानंच शेत खाल्लं होतं, आणि कुंपण तो स्वतः होता.

दुसऱ्या दिवशी तो आगारात गेला. थोरला एका बसच्या मागच्या चाकाशी उकिडवा बसून ब्रश मारत होता. पायांची बोटं पाण्यानं पांढरी पडली होती.

"मखमल माझ्या बुटांना होती," चेकर म्हणाला. वाटेत त्यानं मोठं वाक्य तयार केलं होतं, पण तोंडातून एवढंच निघालं.

"हो," थोरला म्हणाला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या वर्षापासून. तुम्ही येऊन गेलात की पायरीशी चार कण असायचे. मी वेचून उन्हात टाकायचो. दर रविवारी. त्या आठवड्यात ताप होता, वेचायचे राहिले."

"मी विचारलं तेव्हा मान खाली का घातलीत?"

"तुमचे बूट बघत होतो. तेव्हाही लागली होती त्यांना."

चेकर बसच्या पायरीवर बसला. पाइपातलं पाणी त्याच्या चपलांखालून वाहत होतं.

"मग बोलला का नाहीत?"

"बादली पुढे केली होती. तेव्हा देऊळ आहे का म्हणालात. बैठकीला मला बोलावलं नाही. आणि भर लोकांत तुम्हाला खोटं पाडलं असतं, तर तुम्ही ते घरी जाऊन कुणावर काढलं असतं?" थोरल्यानं ब्रश झटकला. "तिला राहायचंय तुमच्या घरात."

ते खरं होतं.

"आणखी एक ऐका," थोरला म्हणाला. "जाळं जाळलंत त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी सामान आवरून निघालो होतो. आदल्या दिवशी तुमच्या चाळीस जणांनी लव्हाळीत बरीच मखमल सांडून ठेवली होती. पण एका टोपलीत मावली असती. मी काढू शकत होतो. नाही काढली. उभा राहून बघितली आणि निघून आलो. तळं मीही मारलंय. एकट्यानं फुशारकी मारू नका."

तो हे शांतपणे बोलला. चेकरनं त्याचं तोंड निरखून बघितलं. तिथं लाज नव्हती, राग होता, आणि तो बऱ्याच दिवसांचा मुरलेला होता.

"मी मंडळात सांगतो. आजच सांगतो," चेकर म्हणाला.

"काही सांगू नका. तुम्ही कबूल कराल आणि लोक त्यालाही टाळ्या वाजवतील. तिचं काय होईल? तिनं हात वर केला होता, पाहुणे. मी चोर आहे असं समजून ती मला विसरू शकते. मी चोर नव्हतो हे कळलं तर तो हात घेऊन ती कुठं जाईल?"

त्यानं पाइप उचलला आणि चाकावर पाणी सोडलं. चेकर उठून बाजूला झाला.

घरी येईपर्यंत चेकरनं ठरवलं होतं की बायकोला सांगायचंच. निदान तसं ठरवलं आहे अशी त्यानं स्वतःची समजूत करून घेतली होती. ती ओट्याशी उभी होती. त्याच्या ओल्या चपला बघून तिनं ओळखलं.

"आगारात गेला होतात? दादा भेटला?"

"भेटला."

"काही म्हणाला?" तिचा हात थांबला. "चुकलं म्हणाला का?"

तिच्या चेहऱ्यावर इतकी आस होती की कुणालाही पाझर फुटावा. चेकरलाही फुटला, नाही असं नाही. पण सुटका दिसली की माणूस तिच्याकडे धावतो, आणि इथं तर मेहुण्यानं स्वतःच्या हातानं दार उघडून ठेवलं होतं. हे तिच्यासाठी करतो आहोत की आपल्यासाठी, हे त्यानं स्वतःला विचारलं नाही.

"हो," तो म्हणाला. "कबूल केलं त्यानं."

ती मटकन खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. रडता रडता हसली. "मला ठाऊक होतं. एक दिवस कबूल करेल. वाईट नाहीये हो तो, लोभ सुटला असेल कधीतरी." मग उठून डबे शोधू लागली.

त्या रविवारी चेकरनं मंडळात नवा नियम मांडला: बूट, दाताळी, जाळी, सगळं धुऊन उन्हात वाळवल्याशिवाय कुणीही दुसऱ्या पाण्यात पाय ठेवायचा नाही. का, ते त्यानं सांगितलं नाही. नियम एकमतानं मंजूर झाला. औषधवाला म्हणाला, चेकरसाहेबांसारखी बारीक नजर सगळ्यांची असती तर वरचं तळंही वाचलं असतं. नियम मात्र खरोखर उपयोगाचा होता. पुढे खालचं तळं सुधारलं ते त्यामुळेच, आणि त्याचं श्रेय अजून चेकरकडे आहे.

दुपारी ती त्याला घेऊन आगारात गेली. वाटेत त्यानं ती पुढे असताना मेहुण्याला खुणेनं काही सांगता येईल का याचा विचार केला. गरज पडली नाही. बहीण डबा घेऊन येताना दिसली तेव्हा थोरला उठून उभा राहिला, हात विजारीला पुसले. तिच्यामागे चेकर दिसला, आणि त्याचा चेहरा बघून थोरल्याला सगळं कळलं.

"दादा," ती म्हणाली, "यांनी सांगितलं मला. कबूल केलंस ना तू. झालं मग. माझ्या मनात आता काही नाही."

गाडी धुणारे बाकीचे दोघे थांबून बघत होते. थोरल्यानं चेकरकडे एकवार बघितलं.

"हो गं, धाकटे," तो म्हणाला. "चुकलं माझं."

"आधीच म्हणाला असतास तर? इतके दिवस मला माहेर नव्हतं." ती त्याच्या ओल्या बाहीला धरून रडायला लागली. "आणि ते तळं रे. आई आपल्याला तिथं घेऊन जायची. सगळं मारून टाकलंस तू. पण मी माफ केलं तुला."

थोरल्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "मोठं मन तुझं."

मग तिनं डबा नवऱ्याच्या हातात दिला आणि डोळे पुसता पुसता म्हणाली, "तुम्ही द्या. तुमच्यामुळे आज हे झालं." चेकरनं डबा पुढे केला. थोरल्यानं तो दोन्ही हातांनी घेतला.